आदिवासी पाड्यांवरच्या अंगणवाड्या आणि निवडणुकीतली आश्वासनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चार-पाच जण मिळून एक वही ठेवतो. सहा वर्षांखालच्या आदिवासी मुलांसाठी सरकारने काय देऊ केलं आणि त्यातलं पाड्यावर काय पोचलं, एवढंच तिच्यात लिहितो. निवडणूक जवळ आली की फोन वाढतात, निकाल लागला की कमी होतात, आणि पावसाळ्यात पुन्हा वाढतात. त्या फोनवर, ग्रामसभेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन:पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. तुम्हाला हवा तो प्रश्न थेट वाचा. दुसरीकडे उत्तर असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. अंगणवाडी नक्की कोणाची? केंद्राची, राज्याची की जिल्हा परिषदेची?

तिघांचीही, म्हणूनच आश्वासन कोणीही देतो आणि जबाबदारी कोणीही झटकतो. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात पहिल्या खेपेला शहरी भागातून धारावी आणि आदिवासी भागातून मेळघाटातली धारणी निवडली गेली. योजना केंद्राची, राबवतो राज्याचा महिला व बालविकास विभाग, आणि ग्रामीण भागात देखरेख जिल्हा परिषदेमार्फत होते. पूरक आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. सेविकेच्या मानधनात केंद्राने २०१८ साली ४,५०० रुपये ठरवले, त्यातही ४० टक्के वाटा राज्याचा. त्यावरचं सगळं राज्याचं. त्यामुळे ‘मानधन वाढवू’ असं खासदारकीचा उमेदवार म्हणाला, तर विचारा: साहेब, कोणता हिस्सा?

२. आदिवासी भागासाठी निकष वेगळे आहेत का?

आहेत. सर्वसाधारण भागात ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३०० ते ८०० मागे एक. १५० ते ३०० वस्तीच्या पाड्याला मिनी अंगणवाडी, म्हणजे एकटी सेविका, मदतनीस नाही. राज्याने १३,०११ मिनी अंगणवाड्यांचं पूर्ण अंगणवाडीत रूपांतर करायचा निर्णय घेतला. कागदावर चांगलाच निर्णय. पण पाटी बदलली म्हणजे मदतनीस आली असं होत नाही. मदतनीस नसेल तर मुलांना घरून आणायचं, पाणी भरायचं, शिजवायचं आणि शिकवायचं हे सगळं त्या एकाच बाईवर पडतं. रूपांतर झालं का, यापेक्षा मदतनीस कोणत्या तारखेला रुजू झाली ते विचारा.

३. टीएचआर, गरम ताजा आहार आणि अमृत आहार यात फरक काय? आमच्याकडे सगळ्याला ‘खाऊ’च म्हणतात.

टीएचआर म्हणजे घरी न्यायचा कोरडा शिधा. तो सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी असतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम ताजं जेवण. हे दोन्ही राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार हक्काचं आहे: मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, कुपोषित मुलाला ८०० उष्मांक, मातेला ६००. आहार मिळाला नाही तर त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. तो मागितल्याचं आम्ही क्वचितच ऐकतो.

अमृत आहार मात्र राज्याची वेगळी योजना आहे, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची, फक्त आदिवासी क्षेत्रासाठी. नोव्हेंबर २०१५ पासून गरोदर मातेला आणि बाळंतपणानंतर सहा महिने एक वेळचं चौरस जेवण. ऑगस्ट २०१६ पासून दुसऱ्या टप्प्यात सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस, म्हणजे महिन्याला १६ दिवस, अंडं किंवा केळं. पैसा आदिवासी विकास विभागाचा, कर्मचारी महिला व बालविकास विभागाचे. एका खात्याचं पाकीट आणि दुसऱ्याचे हात, अशी ही रचना आहे. बहुतेक अडचणी या दोघांच्या मधल्या जागेत सापडतात.

४. जाहीरनाम्यात लिहिलेलं सरकारवर बंधनकारक असतं का?

नाही. एस. सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तमिळनाडू या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी सांगितलं की जाहीरनाम्यातली आश्वासनं लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत. त्याच निकालात निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक सूचना करायला सांगितलं. आश्वासनामागचं कारण आणि पैसा कुठून आणणार याचा ढोबळ मार्ग जाहीरनाम्यात दिसावा, अशी अपेक्षा आता आचारसंहितेत आहे. पण ती अपेक्षाच. आश्वासन पाळलं नाही म्हणून कोर्टात जाता येत नाही. कायद्याने किंवा कोर्टाच्या आदेशाने आधीच मिळालेल्या गोष्टींसाठी मात्र जाता येतं (प्रश्न ३ आणि १२ पाहा). गंमत म्हणजे जाहीरनाम्यातल्या कित्येक ओळी अशाच आधी मिळालेल्या हक्कांच्या असतात. ‘प्रत्येक पाड्यावर अंगणवाडी’ हे कोणी नव्याने देत असेल, तर तो आपलीच थाळी आपल्याला वाढतोय.

५. मग धरून ठेवायचं तरी कशाला? भाषणाला?

भाषण लिहून ठेवा, पण धरा पुढच्या पायरीला. आमच्या वहीत प्रत्येक आश्वासनासमोर पाच रकाने असतात: बोललं कधी, शासन निर्णय निघाला कधी, तरतूद झाली किती, वाटप झालं किती, आणि पाड्यावर दिसलं काय. बहुतेक आश्वासनं सरळ मोडत नाहीत, या पाचांपैकी दोन रकान्यांच्या मध्ये कुठेतरी अडकून पडतात. अडकलं कुठे ते कळलं की कोणाच्या दारात बसायचं तेही कळतं.

मंत्र्याने विधानसभेत किंवा विधानपरिषदेत दिलेला शब्द सभेतल्या शब्दापेक्षा वजनदार असतो. ‘तपासून निर्णय घेऊ’, ‘चौकशी करू’ ही सभागृहातली वाक्यंसुद्धा आश्वासन म्हणून नोंदली जातात आणि त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. लोकसभेत पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत धरतात. तुमच्या आमदाराला प्रचारातलं वाक्य तारांकित प्रश्नाच्या रूपात विचारायला लावा. मंत्र्याचं उत्तर छापून येतं, आणि छापलेलं कोणी नाकारत नाही.

शासन निर्णय शोधताना त्याचा संकेतांक उतरवून घ्या. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. ‘जीआर निघालाय’ असं सांगणाऱ्याला संकेतांक विचारला की निम्मे जीआर हवेत विरतात.

६. ‘पूर्ण झालं’ असं तुम्ही कधी लिहिता? तुमचे शेरे फार कडक असतात.

असतात. कारण सांगतो.

पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर आम्ही अंड्याच्या दिवशी गेलो होतो. अंगणवाडी म्हणजे एका घराची पडवी, शेणाने सारवलेली, एका बाजूला कारवीचा कूड. अंडी आदल्या दिवशी बाजारातून शेअर जीपने आली होती, पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, मांडीवर धरून. ट्रे तीसचा. उतरवताना दोन फुटली. मुलं चौतीस. सेविका ताईंनी अंडी उकडली, सोलली आणि साडीच्या काठाचा एक दोरा ओढून त्याने बारा अंडी मधोमध कापली. सुरीने पिवळं चुरतं, दोऱ्याने नाही. सोळा मुलांना अख्खं मिळालं. उरलेल्या अठरा जणांत चोवीस अर्धी फिरली, सगळ्यात हडकुळ्या सहा पोरांना दोन-दोन आणि बाकीच्या बारांना एक-एक. मग ताईंनी वही काढली आणि लिहिलं: मुलं ३४, अंडी ३४.

मी काही बोललो नाही, पण तोंडावर दिसलं असावं. ताई म्हणाल्या, “दादा, चौतीस नाही लिहिले तर पुढच्या महिन्यात अठ्ठावीसचेच पैसे येतील. आणि हे पैसे तरी कुठे आलेत? तीन महिने दुकानदाराकडे माझ्या नावावर उधारी आहे.”

आता सांगा, ही नोंद खोटी आहे का? आहे. चोरी आहे का? नाही. वरच्या कार्यालयात ही शंभर टक्के पूर्ती म्हणून जाते. आमच्या वहीत हे ‘अंशतः, पैसे उशिरा’ असं जातं. ‘पूर्ण’ फक्त तेव्हा, जेव्हा वस्तू वेळेवर, पूर्ण मापात आणि सेविकेच्या पदराला खार न लावता मुलाच्या हातात पडते. एकदा बघून नाही. पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, दोन्ही वेळा.

७. सेविकांना १५ हजार देऊ म्हणाले होते. झालं की नाही? एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही सांगता येत.

एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या वाढीने सेविकेचं मानधन ८,३२५ वरून १० हजार आणि मदतनिसाचं ४,४२५ वरून ५,५०० झालं. तेवढ्यावर भागलं नाही आणि ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभर संप झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, आचारसंहितेच्या थोडं आधी, सेविकेला ३ हजारांची मानधनवाढ आणि शिवाय २ हजारांपर्यंत प्रोत्साहन भत्ता जाहीर झाला. मदतनिसाला २ हजार आणि १ हजार. मग नोव्हेंबरमध्ये महायुतीने कोल्हापुरात दहा वचनं जाहीर केली. त्यात अंगणवाडी सेविका आणि आशांना महिना १५ हजार रुपये आणि विम्याचं संरक्षण होतं.

१३ आणि २ मिळून १५ होतात, म्हणून एका बाजूचे म्हणतात झालं. दुसरी बाजू म्हणते भत्ता कामाच्या निकषांवर असतो, सगळ्यांना सगळे महिने मिळत नाही, आणि वचन ऑक्टोबरच्या निर्णयानंतरचं आहे. आधी दिलेलंच पुन्हा मोजायचं असेल तर वचन कशाला? आम्ही दुसरी बाजू धरतो. तुम्ही स्वतः ठरवायचं असेल तर तुमच्या गावच्या सेविकेला बँकेचं पासबुक दाखवायची विनंती करा. त्यात मानधन आणि भत्त्याच्या नोंदी आणि तारखा असतात. मदतनिसाचं नाव त्या वचनात नव्हतंच, हेही लक्षात ठेवा. चुलीपाशी बसणारी बाई जाहीरनाम्यात नेहमीच गळते.

८. पीएम जनमन आणि धरती आबा यांतून अंगणवाड्या मिळणार म्हणतात. आमच्या गावाला मिळेल का?

दोन्ही वेगळ्या योजना आहेत आणि दोन्हींत कोण बसतं तेही वेगळं आहे.

पीएम जनमन १५ नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर झाली. एकूण खर्च २४,१०४ कोटी. ती फक्त ‘विशेष असुरक्षित’ म्हणून नोंदलेल्या ७५ जमातींसाठी आहे. महाराष्ट्रात त्यात तीनच येतात: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. देशभरात २,५०० अंगणवाड्यांचं उद्दिष्ट आहे. म्हणजे वारली, कोकणा, ठाकर, भिल्ल, पावरा किंवा कोरकू वस्तीला जनमनमधून अंगणवाडी मिळेल असं कोणी सांगत असेल, तर एक तर त्याला माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही असं तो धरून चाललाय.

धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियान २ ऑक्टोबर २०२४ चं. ७९,१५६ कोटी, सुमारे ६३ हजार गावं, आदिवासीबहुल कोणतंही गाव बसू शकतं. त्यात अंगणवाड्यांचा आकडा ८ हजार सांगितला जातो. नीट वाचा: नव्या २ हजार, बाकीच्या ६ हजार म्हणजे असलेल्यांची सुधारणा. गावांची संख्या बघता नव्या अंगणवाडीची शक्यता किती, हा भागाकार तुम्हीच करा. यादीत गावाचं नाव आहे का, हे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘पीओ ऑफिसात’, विचारा.

९. पैसे खरंच आले का, हे घरबसल्या कसं बघायचं?

राज्याच्या वित्त विभागाची ‘बीम्स’ नावाची प्रणाली सगळ्यांना बघता येते. खातं आणि लेखाशीर्ष (म्हणजे त्या खर्चाचा सरकारी हिशेबातला क्रमांक) निवडलं की तरतूद, वितरण आणि खर्च असे आकडे शेजारी-शेजारी दिसतात. लेखाशीर्ष शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात दिलेलं असतं. आदिवासी घटक कार्यक्रमाचा महसुली खर्च मागणी क्रमांक टी-५ खाली असतो, अमृत आहारही तिथेच शोधा.

तरतूद म्हणजे पैसे नव्हेत, तो मनातला मांडा. वितरण म्हणजे तिजोरीतून सुटलेले. आणि मार्च महिना वेगळा वाचा. डिसेंबरपर्यंत कोरडा आणि ३१ मार्चच्या आत ओसंडून वाहणारा रकाना दिसला, तर समजा की पाड्यावर ऐन पावसाळ्यात, भुकेच्या दिवसांत, उधारीच चालली होती.

१०. माहिती अधिकारात नेमकं काय विचारू? मागच्या वेळी ‘माहिती व्यापक आहे’ म्हणून परत आला.

कारण तुम्ही ‘तालुक्यातील सर्व अंगणवाड्यांची संपूर्ण माहिती’ असं लिहिलं असणार. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये.

अर्ज बाल विकास प्रकल्प कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. एक पाडा, एक योजना आणि तीन महिने एवढंच मागा: अमृत आहाराची रक्कम आहार समितीच्या खात्यात कोणत्या तारखांना जमा झाली, किती लाभार्थ्यांसाठी, आणि त्या महिन्यांची उपस्थिती किती. ‘का’ विचारू नका. कायदा कागद देतो, कारणं देत नाही. कागद बघायला मागितले तर पहिला तास फुकट असतो. शिवाय नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघता येतात, अर्ज न करताही. आम्हाला हा सोमवारच जास्त उपयोगी पडला आहे.

११. पोषण ट्रॅकरवर कुपोषण कमी दिसतं, सर्वेक्षणात जास्त. खोटं कोण बोलतंय?

खोटं कोणी बोलायची गरजच नाही. दोघं वेगळी मुलं मोजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी, २५.६ टक्के लुकडी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. सर्वेक्षण घरोघरी जातं. ट्रॅकर, म्हणजे सेविका मोबाइलवर नोंदी भरतात ते सरकारी अ‍ॅप, अंगणवाडीत नाव असलेल्या आणि त्या महिन्यात वजन-उंची घेतलेल्या मुलांवर चालतो. वीटभट्टीवर गेलेलं पोर त्यात नाही. पाळण्याचा काटा बिघडलाय म्हणून गेल्या महिन्याचंच वजन पुढे ओढलेलं पोर त्यात आहे.

ट्रॅकर आला तेव्हा त्यात मराठी नव्हती, आणि फोनही धड चालत नव्हते. २०२१ साली राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले ते त्याचसाठी. २०२५ च्या जुलैपासून टीएचआरसाठी चेहरा ओळखण्याची अट आली. जिथे रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, तिथे शिध्याआधी चेहरा वर न्यावा लागतो.

आकडा आश्वासनाचा पुरावा म्हणून दाखवला तर एवढंच विचारा: नोंदलेली किती, त्यातली मोजलेली किती?

१२. आमच्या पाड्यावर अंगणवाडीच नाही. पुढच्या निवडणुकीची वाट बघायची का?

नको. पीयूसीएल विरुद्ध भारत सरकार या अन्नहक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी ‘मागेल तिथे अंगणवाडी’ मान्य केली. वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळायला हवी. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम, असंही त्याच आदेशात आहे.

मागणी लेखी करा, मुलांची नावं आणि जन्मतारखांची यादी जोडा, ग्रामसभेचा ठराव लावा आणि पोच घ्या. पोच नसेल तर तीन महिने सुरूच होत नाहीत. मुलं चाळीसपेक्षा कमी असतील तर प्रश्न २ मधला मिनी अंगणवाडीचा निकष लावा. कातकरी, कोलाम किंवा माडिया वस्ती असेल तर जनमनमध्ये १०० लोकसंख्येपासून विचार होतो.

१३. दिवाळीनंतर अर्धा पाडा भट्टीवर आणि ऊसतोडीला जातो. मग आश्वासन कुठल्या गावात मोजायचं?

दोन्ही गावांत. मूल जिथे आहे तिथल्या अंगणवाडीत त्याला आहार मिळायला हवा, ट्रॅकरमध्येही स्थलांतराची सोय आहे. व्यवहारात भट्टी गावाबाहेर, अंगणवाडी गावात, आणि तिथल्या सेविकेच्या यादीत ही मुलं नाहीत. आम्ही मूळ गावची यादी फोटो काढून कामाच्या गावच्या सेविकेला पाठवतो. कधी काम होतं, कधी नाही. सरकारी कामगिरी मोजताना मात्र आम्ही जानेवारी ते मार्चचे आकडे वेगळेच लिहितो. वर्षाच्या सरासरीत ही पोरं दिसतच नाहीत.

१४. सरकारने अंडी बंद केली ना? मग अजून अंड्यांचा हिशेब कसला मागता?

बंद झालं ते शाळेत. जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा राज्याचा निधी थांबला आणि अंडी द्यायची तर लोकसहभागातून द्या असं शाळांना सांगितलं गेलं. अमृत आहाराची अंडी वेगळ्या खात्याची आहेत. ‘वरून बंद झालीत’ असं अंगणवाडीत ऐकलंत तर शासन निर्णयाचा संकेतांक मागा.

१५. आमची मुलं कोरकू बोलतात, अंगणवाडीत मराठी गाणी. मातृभाषेचं आश्वासन कुठे गेलं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लहान वयात घरची भाषा म्हणतं, आणि आदिवासीबहुल भागातल्या आश्रमशाळांतही बालशिक्षण सुरू करायचं म्हणतं. यातलं मोजता येईल असं काय आहे? तेच खरं दुखणं आहे. ‘प्राधान्य देऊ’, ‘प्रोत्साहन देऊ’ या शब्दांना तारीख नसते. आम्ही एकच गोष्ट तपासतो: सेविकेला मुलांची भाषा येते का. ती गावचीच असेल तर धोरण न वाचताही काम होतं. धारणीकडच्या एका अंगणवाडीत ताई चित्रातल्या वाघाला आधी कोरकूत ‘कुला’ म्हणतात, मग मराठीत वाघ. पोरं दोन्ही वेळा ओरडतात.

१६. आचारसंहिता लागली म्हणून आहार थांबलाय असं सांगितलं. हे बरोबर आहे का?

साफ चूक. आचारसंहितेत नव्या घोषणा आणि नव्या कामांची सुरुवात थांबते, चालू योजना थांबत नाही. अपवाद असा की नवी अंगणवाडी मंजूर झाली पण कामाला सुरुवात झाली नसेल, तर ती निकालापर्यंत थांबू शकते.

१७. तक्रार केली की सेविकेवरच कारवाई होते. आम्हाला तिचं वाईट करायचं नाही.

ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच तक्रार सेविकेविरुद्ध लिहू नका, उशिरा आलेल्या रकमेविरुद्ध लिहा. ‘अंडी मिळाली नाहीत’ ऐवजी ‘अमुक महिन्याची रक्कम अमुक तारखेपर्यंत खात्यावर आली नाही’. शक्य असेल तर ठराव ग्रामसभेचा करा. पेसा क्षेत्रात (आदिवासी स्वशासनाचा कायदा लागू असलेल्या गावांत) ग्रामपंचायतीला योजनांवरच्या खर्चाचं प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावं लागतं, त्यामुळे तिथे विचारणं म्हणजे चुगली नाही, कामकाज आहे. प्रश्न ६ मधल्या ताईंची वही आम्ही कुठेही दाखवली नाही. उधारीच्या चिठ्ठ्या मात्र त्यांच्या संमतीने जोडल्या.

१८. परदेशात आदिवासी मुलांसाठी दिलेल्या आश्वासनांचा हिशेब ठेवतात का?

ठेवतात, आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. कॅनडात निवासी शाळांच्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ साली ९४ शिफारशी केल्या. बारावी शिफारस मूलनिवासी कुटुंबांसाठी त्यांच्या संस्कृतीला धरून बालशिक्षणाची होती. २०१७ च्या अर्थसंकल्पात दहा वर्षांसाठी १.७ अब्ज डॉलर ठेवले गेले आणि २०१८ मध्ये फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी यांच्या संघटनांबरोबर बसून आराखडा केला. तिथे लाव्हाल विद्यापीठाचे अभ्यासक सरकारची प्रचारातली वचनं एकेक करून तपासतात.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. तिथल्या मूलनिवासींसाठीच्या २०२० च्या करारात दोन उद्दिष्टं शेजारी होती: शाळेआधीच्या वर्षी ९५ टक्के मुलांची नोंदणी, आणि ५५ टक्के मुलं विकासाच्या सगळ्या अंगांनी वयानुरूप असणं. पहिलं गाठत आणलं. दुसऱ्यात २०१८ चे ३५.२ टक्के २०२१ मध्ये ३४.३ वर आले. पटावर नाव लागलं, पोर मागेच राहिलं. आपल्याकडे दुसरा रकाना जाहीरनाम्यात नसतोच.

१९. मी पुण्यात नोकरी करतो, पाड्यावर जाणं होत नाही. मला काय करता येईल?

बरंच. शासन निर्णय वाचून त्यातलं लेखाशीर्ष काढणं, बीम्सवरून दर महिन्याच्या पाच तारखेला एकाच योजनेचे तीन आकडे उतरवणं आणि ज्या गावात माणसं अर्ज करायला बिचकतात तिथला माहिती अधिकाराचा अर्ज स्वतःच्या नावाने टाकणं. या तिन्ही गोष्टींना गाव लागत नाही. एकच योजना घ्या आणि एकच तालुका. सुरुवातीला अमृत आहार बरा, कारण त्याचे आकडे छोटे असतात आणि तारखा लपत नाहीत. उतरवलेले आकडे त्या तालुक्यातल्या कोणाला तरी फोन करून वाचून दाखवा. पलीकडून “असं होय, आमच्याकडे तर अजून काहीच आलं नाही” असं ऐकू आलं, की तारीख घाला आणि पहिली ओळ लिहा.